कंपनीत नवीन लागलात? सुरक्षेची आणि हक्काची कामं या क्रमाने उरका

दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे किंवा खाडीपलीकडचं वागळे इस्टेट. पत्ता कुठलाही असो, नव्या माणसाची पहिली सकाळ साधारण सारखीच जाते. स्टेशनवर उतरून शेअर रिक्षा, गेटवर ठेकेदाराचा माणूस, आधारची झेरॉक्स, कसल्याशा कागदावर सही आणि ‘चल, आत ये’. अर्ध्या तासात माणूस मशीनसमोर उभा असतो. सही कशावर केली, हे विचारायचं राहूनच जातं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात माझी सव्वीस वर्षं गेली. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, आणि शेवटची नऊ वर्षं सुरक्षा समितीत कामगारांचा प्रतिनिधी. माझ्या दुसऱ्या नोकरीत, एका लहानशा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून कापायच्या कारखान्यात, शेजारच्या मशीनवरच्या मुलाची दोन बोटं गेली. त्याला कामाला लागून अकरा दिवस झाले होते. ठेकेदाराने त्याला खासगी दवाखान्यात नेलं, तिथे केसपेपरवर ‘घरी पडल्यामुळे’ असं लिहिलं गेलं, आणि हजेरी रजिस्टरमध्ये त्याचं नावच नव्हतं. आपण त्या कंपनीत कामाला होतो हे दाखवायला त्याच्याकडे एक चिठोरंही निघालं नाही. मी साक्ष द्यायला तयार होतो, पण कागदाशिवाय प्रकरण पुढे सरकलंच नाही. तेव्हापासून नवीन मुलांना मी हेल्मेट-बुटांच्या आधी कागदाचं सांगतो. खालचा क्रमही तसाच लावला आहे.

आधी कायद्याबद्दल थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९४८ चा कारखाने अधिनियम, कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आता ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२०’ मध्ये सामावले आहेत. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि अपघात भरपाई ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ मध्ये गेली. त्यामुळे ‘जुना कायदा गेला, आता काही चालत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मूळ हक्क बहुतेक तेच आहेत, काही ठिकाणी वाढलेही आहेत.

पहिला दिवस: तुमचा मालक कोण, ते कागदावर आणा

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने एक मोठी गोष्ट दिली: नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. ठेकेदारामार्फत लागलात तर ठेकेदाराचं पत्र मागा, आणि त्यात मूळ कंपनीचं नाव व कामाची जागा लिहिली आहे का ते बघा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पण त्यासाठी तुम्ही नेमके कुठे राबत होता, हे दिसायला हवं.

पत्र लगेच मिळत नसेल तर रिकाम्या हाताने बसू नका. गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कंपनीच्या नावाच्या पाटीचा, प्लॉट नंबरसकट, बाहेरून एक फोटो काढा. एमआयडीसीत प्लॉट नंबर हाच खरा पत्ता. नावं बदलतात, प्लॉट बदलत नाही. सुपरवायझरचे ‘उद्या सेकंडला ये’ असे मेसेज पुसू नका. एक छोटी वही करून त्यात तारीख, शिफ्ट, मशीन आणि सोबत कोण होतं, एवढं रोज लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. पगार रोखीने मिळत असेल तर तो बँकेत जमा करायला सांगा. खात्यातली नोंद कोणाला पुसता येत नाही.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. ‘सगळेच करतात’ हे खरं असलं तरी करू नका. भाषा कळत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

पहिले दहा दिवस: ईएसआय नंबर

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपलं ईएसआय, लागू आहे. नवीन माणसाची नोंदणी मालकाने कामाला लागल्यापासून दहा दिवसांत करायची असते. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. वेतन १८,००० असेल तर तुमचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. पगारपावतीवर याहून जास्त कापलेलं दिसलं तर ठेकेदार आपला वाटा तुमच्या खिशातून काढतोय, असं समजा आणि विचारा.

कापलेले पैसे खरोखर भरले जातात का, हे आता मोबाइलवर विमा क्रमांक टाकून स्वतः बघता येतं. दर महिन्याला बघा. ईएसआयची मोफत हेल्पलाइन १८००-११-२५२६ आहे. ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, काढून घ्या आणि त्यावर बायको, मुलं, आईवडील यांची नावं चढवा. आपल्या भागात वागळे इस्टेटचं आणि वाशीचं कामगार रुग्णालय आहे. घराजवळचा दवाखाना कुठला जोडला आहे, ते कार्डावर कळतं.

नेहमीच्या आजारपणातली रजा-भरपाई मिळायला काही काळ वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क लागू होतो. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. ठाणे-बेलापूर रोडवर रात्रपाळी सुटल्यावर बाइकवरून परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मशीनला हात लावण्याआधी

बूट, हेल्मेट, हातमोजे, गॉगल, मास्क, बेल्ट हे सगळं मालकाने द्यायचं असतं आणि मोफत द्यायचं असतं. सुरक्षेसाठी केलेल्या कुठल्याही गोष्टीचा, वैद्यकीय तपासणीचासुद्धा, पैसा कामगाराकडून घेता येत नाही, असं संहितेत स्पष्ट म्हटलं आहे. ‘बुटाचे सहाशे कापले’ हे बेकायदा आहे.

पण बूट ही शेवटची ढाल. आधी मशीन बघा. फिरणाऱ्या पट्ट्याला, गिअरला, शाफ्टला जाळी आहे का? लाल रंगाचं बंद करायचं बटण कुठे आहे, आणि ते दाबल्यावर मशीन खरंच थांबतं का? पहिल्याच दिवशी दाबून बघायला सांगा. पॉवर प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं असतात, ती तुमचे दोन्ही हात डायच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहावेत म्हणून. प्रॉडक्शन वाढवायला एका बटणात काडी खुपसून किंवा टेप लावून ते दाबून ठेवतात. बोटं गेलेल्या त्या मुलाच्या मशीनवर नेमकी तीच काडी होती. अशी काडी दिसली की काढा, आणि काढल्याचं सुपरवायझरला सगळ्यांसमोर सांगा.

दुरुस्ती किंवा सफाईसाठी मशीनमध्ये हात घालायचा असेल तर ‘बंद केलंय’ या शब्दावर जाऊ नका. मेन स्विच खाली, त्याला तुमचं स्वतःचं कुलूप, चावी तुमच्या खिशात आणि वर तुमच्या नावाची पाटी. याला कंपनीत लोटो म्हणतात. दुसऱ्याच्या कुलपावर भरवसा ठेवून आत वाकू नका.

केमिकल कंपनीत असाल तर ड्रमवरची चिन्हं शिका: ज्वाला, कवटी, हातावर सांडणारं ॲसिड. प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहिती असलेला कागद असतो, कंपनीत त्याला एमएसडीएस म्हणतात. तो बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण जोडलं गेलं. तुम्ही काय हाताळताय हे तुम्हाला सांगणं, अशा कामावर घेण्याआधी आणि त्यानंतर किमान वर्षाला एकदा तपासणी करणं, ही बंधनं तेव्हाची. आपल्याला दूर बघायलाही नको: डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले, आजूबाजूच्या वस्तीच्या काचा फुटल्या, माणसं गेली. म्हणून आत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी पायाखालून घाला: बाहेर पडायच्या दोन वेगवेगळ्या वाटा आणि जमायची जागा. वायुगळती झाली तर उंचावर लावलेल्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे बघा आणि वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडा. गॅस वाहतोय त्याच दिशेने पळू नका.

आता सगळ्यात जास्त जीव घेणारी गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं: टाकी. रिअॅक्टर, ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायची) टाकी, सेप्टिक टँक, खोल चेंबर. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तीन सफाई कामगार गेले. आतली हवा दिसायला स्वच्छ असते. ऑक्सिजन कमी असेल तर वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर करतो, त्यामुळे ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ हा समज जीवघेणा आहे. मीटरने मोजल्यावर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. लेखी वर्क परमिट, गॅस मीटर, खालून-वरून हवा, कमरेला दोरी आणि तोंडाशी उभा माणूस, यातलं एकही कमी असेल तर उतरू नका. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका. अशा अपघातांत वाचवायला उतरलेला दुसरा, तिसरा जातो. ओरडा, हवा सोडा, दोरीने ओढा, १०१ ला फोन करा.

गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, सोसायटीने करवलं तरीही. अशा मृत्यूत कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तीस लाखांसाठी कोणी उतरत नाही, शे-पाचशेसाठी उतरतात. म्हणून नाक्यावरच्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

बांधकामावर असाल तर

घोडबंदर रोडला टॉवर उठताहेत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाळकुमला एका टॉवरची बांधकाम लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. लिफ्टमध्ये चढण्याआधी किती माणसांची परवानगी आहे ती पाटी वाचा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. परांचीवर बेल्ट नुसता कमरेला बांधून काही होत नाही. त्याचा हुक पक्क्या आधाराला, डोक्याच्या वर अडकलेला हवा.

वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय १८ ते ६० च्या दरम्यान असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाला तर वारसांना मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. नूतनीकरण विसरू नका. नोंदणी चालू नसेल तर हक्काला खोडा बसतो.

‘मी उतरणार नाही’ हे कसं सांगायचं

नवीन मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं. घरी पैसे पाठवायचे असतात, ठेकेदार गावाकडचाच असतो, आणि नाही म्हटलं तर उद्यापासून गेट बंद. मी भीती खोटी म्हणत नाही. पण कायदा इथे तुमच्या बाजूला आहे, तो वापरायची रीत माहीत हवी.

जिवाला किंवा शरीराला तातडीचा गंभीर धोका आहे असं वाटण्यासारखं सबळ कारण असेल, तर ते मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ ने दिला आहे. मालकाने ताबडतोब उपाय करायचा. त्याला धोका पटत नसेल तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचं, निर्णय निरीक्षकाचा. हे तोंडी सांगू नका. मोबाइलवरून चार ओळी पुरतात: ‘साहेब, आज दिनांक अमुक, दुसरी पाळी. टाकी नंबर तीनमध्ये उतरायला सांगितलं आहे. गॅस मोजलेला नाही, परमिट दिलेलं नाही. मोजून परमिट दिल्यावर मी काम करायला तयार आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. काम नाकारलं असा ठपका त्यामुळे ठेवता येत नाही. शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून पाठवा. एकट्याला बाजूला काढणं सोपं असतं. सुरक्षा समिती असेल तर तिच्यातल्या कामगार प्रतिनिधीला, युनियन असेल तर तिलाही प्रत द्या.

तरी काही हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा, सगळे त्याला ‘डिश’ म्हणतात. ठाणे आणि कल्याणला त्याची कार्यालयं आहेत. तळोजा आपण नवी मुंबईत धरतो, पण जिल्हा रायगड, म्हणून तिथली तक्रार रायगड विभागाकडे. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवण्याचं बंधन निरीक्षकावर असतं. अर्ज हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टची पावती वहीत चिकटवा. एक गल्लत मात्र टाळा: पगार, ओव्हरटाइम, कामावरून काढणं हे विषय डिशचे नाहीत, ते ठाण्याच्या कामगार उपायुक्तांकडे न्यायचे. चुकीच्या खिडकीवर दोन महिने गेलेले मी पाहिले आहेत.

ओव्हरटाइमचं एवढंच: दर दुप्पट, आणि तुमच्या संमतीशिवाय सक्ती नाही. सलग सोळा तास मारून प्रेसवर उभं राहणाऱ्याचं लक्ष शेवटच्या तासांत हातावर राहत नाही. बोटं तेव्हाच जातात.

महिलांना रात्रपाळीला बोलवायचं असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. कंपनी लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

अपघात झालाच तर: पहिले काही तास

आधी जीव. १०८ ला फोन. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. मोठं भाजलं असेल तर ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ते लक्षात ठेवा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही.

मग दवाखान्यातला प्रश्न: ‘कसं लागलं?’ सगळं इथे ठरतं. जखमी माणूस वेदनेत असतो, उत्तर सोबतचा माणूस देतो, आणि तो बहुधा ठेकेदाराचा असतो. म्हणून सोबत आपला एक माणूस जायलाच हवा. खरं सांगा: अमुक कंपनी, अमुक मशीन, इतके वाजता, काम करताना. केसपेपरवर तेच लिहिलं आहे का ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि फोटो काढा. ‘आम्ही सगळा खर्च करतो, फक्त घरी पडला म्हणा’ असं कोणी प्रेमाने म्हटलं तरी बळी पडू नका. खर्च टाके घालेपर्यंत होतो, हात मात्र आयुष्यभर तसाच राहतो.

त्याच दिवशी मशीनचा, जागेचा फोटो मिळवा; दुसऱ्या दिवशी जाळी बसलेली असते. पाहणाऱ्या दोघांची नावं, नंबर लिहा. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला सांगा. अपघातामुळे ४८ तास किंवा जास्त काम करता येणार नसेल, किंवा मृत्यू झाला असेल, तर सरकारी निरीक्षकाला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. ईएसआयकडे अपघाताचा अहवालही मालकानेच भरायचा असतो. तो भरत नसेल तर तुम्ही किंवा घरच्यांनी ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी कळवा.

ईएसआय असेल तर कामावर जाता येत नाही तेवढे दिवस वेतनाच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्यावर महिन्याची रक्कम लागते. मृत्यू झाल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळत राहते. ईएसआयच्या कक्षेत नसाल तर मालकाकडून भरपाई, १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या सूत्राने. मृत्यूसाठी महिन्याच्या वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ३० वर्षांच्या माणसाला तो २०७.९८. हिशेबात १५,००० रुपयांपर्यंतचं वेतन धरतात, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५०. कोणी दोन-तीन लाखांची पाकिटं घेऊन ‘मिटवून टाकू’ म्हणत आला, तर सही करण्याआधी हा गुणाकार करून बघा.

मालकाच्या हयगयीने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही; आणि दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही रक्कम वरच्या भरपाईपेक्षा वेगळी.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, म्हणून खूप जण इथेच थांबतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, आणि फोन १५१०० वर करता येतो.

घरच्यांना काय माहीत हवं

जालना, बीड, सोलापूर, कोकण, जिथून आला असाल तिथे घरी विचारा: मी कुठे कामाला आहे? उत्तर येतं, ‘मुंबईला, कंपनीत.’ कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं नाही. दोन अपघातांत मी स्वतः नातेवाइकांना घेऊन रबाळ्यात गेट टु गेट फिरलो आहे, कारण त्यांच्याकडे फक्त मुलाचा फोटो होता. आज रात्री फोन कराल तेव्हा घरच्या व्हॉट्सॲपवर चार गोष्टी पाठवून ठेवा: कंपनीच्या पाटीचा फोटो प्लॉट नंबरसह, ठेकेदाराचं नाव आणि नंबर, ईएसआयचं कार्ड, आणि तुमच्या शिफ्टमधल्या एका विश्वासू माणसाचा नंबर.